भारत-चीन सीमावाद : एका मौनाचा इतिहास

भारत आणि चीन यांच्या सीमावादाचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडे दोन सूर हटकून ऐकू येतात. पहिला विश्वासघाताचा. आपण बंधुभावाने वागलो आणि चीनने पाठीत खंजीर खुपसला, असे म्हणणारा. दुसरा भोळेपणाचा. आपले राज्यकर्ते स्वप्नाळू होते, त्यांना जग कळले नाही, असे म्हणणारा. दोन्ही सुरांत तथ्यांश आहे, हे मी प्रथमच मान्य करून टाकतो. परंतु संतापाने किंवा हळहळीने हे भांडण जन्माला कसे आले, ते उमगत नाही. दोन शेजाऱ्यांच्या बांधाचा तंटा असला तर गावचा शहाणा मनुष्य आधी एवढेच विचारतो की, बांध घातला केव्हा, आणि तो घालताना दोघे हजर होते काय? तोच प्रश्न आज हिमालयाच्या बांधाबद्दल विचारावयाचा आहे. त्याचे उत्तर शोधू लागले की एक चमत्कारिक गोष्ट दिसते. ज्या ज्या वेळी दोघांनी समोरासमोर बसून बोलावयाचे होते, त्या त्या वेळी कोणीतरी गप्प बसले आहे, आणि पुढे त्या गप्प बसण्याचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या सोयीने लावला आहे.

प्रारंभ लडाखपासून करावा लागेल. जम्मूच्या गुलाबसिंगाचा सेनापती जोरावरसिंग याने १८३४ पासून लडाख आपल्या धन्याच्या सत्तेखाली आणला आणि १८४१ मध्ये त्याने पश्चिम तिबेटावर स्वारी केली. त्या वर्षाच्या डिसेंबरात, रक्त गोठविणाऱ्या थंडीत, तो लढाईत पडला. पुढच्या वर्षी, १८४२ मध्ये, उभयपक्षी तह झाला. त्या तहात म्हटले आहे की, लडाख आणि तिबेट यांच्या जुन्या, परंपरेने चालत आलेल्या सीमा दोन्ही पक्षांनी पाळाव्यात. लोकरीचा आणि चहाचा व्यापार पूर्वापार रीतीने चालावा, हेही त्यात आले. परंतु त्या जुन्या सीमा कोठून कोठवर जातात, कोणते शिखर इकडे नि कोणता ओढा तिकडे, याबद्दल तहात अवाक्षर नाही. त्या माणसांना त्याची जरूर वाटली नाही. कोणते कुरण कोणत्या गावचे, हे मेंढपाळाला ठाऊक होते, आणि जेथे कुरणच नव्हते तेथे सीमा कशाला हवी?

इंग्रजांना मात्र रेघ हवी होती. १८४६ च्या अमृतसरच्या तहाने काश्मीर गुलाबसिंगाकडे गेल्यावर त्यांनी सीमा आखण्यासाठी आयुक्त पाठविले आणि चीननेही आपली माणसे पाठवावीत, असे कळविले. चिनी अधिकाऱ्यांचे उत्तर असे की, या सीमा पुरेशा स्पष्ट ठरलेल्याच आहेत, त्यांची नव्याने आखणी करण्याचे कारण नाही. इंग्रज आयुक्त लडाखात जाऊन आले, चिनी आलेच नाहीत. शंभर वर्षांनंतर हेच उत्तर भारताने पुराव्यादाखल पुढे केले की, पाहा, सीमा ठरलेली होती हे तुमच्याच माणसांनी मान्य केले आहे. चीनने म्हटले, ठरलेली असेल, पण तुम्ही सांगता ती नव्हे. एकाच वाक्याचे हे दोन अर्थ होऊ शकले, कारण मूळ वाक्यात जागेचे नावच नव्हते.

या भांडणाचे मर्मस्थान जे अक्साई चीन, त्याची कल्पना श्रोत्यांनी आधी करून घ्यावी. समुद्रसपाटीपासून सुमारे पाच हजार मीटर उंचीचे ते पठार आहे. तेथे झाड नाही, शेत नाही, बारमाही वस्ती नाही. आहेत ती खाऱ्या पाण्याची सरोवरे, वारा आणि दगड. डब्ल्यू. एच. जॉन्सन नावाचा भूमापन खात्याचा एक नोकर १८६५ मध्ये त्या बाजूने खोतानपर्यंत जाऊन आला आणि त्याच्या कामाच्या आधारावर तयार झालेल्या नकाशात सारे अक्साई चीन काश्मीरच्या महाराजांच्या मुलखात दाखविले गेले. पुढे १८९९ साली खुद्द इंग्रजांनीच पेकिंगला (म्हणजे आजच्या बीजिंगला) एक खलिता पाठवून निराळी रेषा सुचविली. तिच्या हिशेबाने अक्साई चीनचा बराच भाग चीनकडे जात होता. हा खलिता त्यांचे वकील सर क्लॉड मॅकडोनाल्ड यांनी १४ मार्च १८९९ रोजी दिला. चीनच्या दरबाराने त्याला उत्तर दिले नाही. होकार नाही, नकारही नाही. त्यानंतर रशियाची भीती वाढली की लंडनच्या नकाशावरची रेघ उत्तरेला सरकत असे आणि कमी झाली की दक्षिणेला येत असे. जमीन होती तेथेच होती.

पूर्वेकडची कथा याहून गुंतागुंतीची आहे, पण ती थोडक्यात सांगता येते. १९१३-१४ मध्ये इंग्रज, तिबेट आणि चीन या तिघांची परिषद सिमल्यास भरली. तिबेटचे प्रतिनिधी लोनचेन शात्रा आणि हिंदुस्थान सरकारचे परराष्ट्रसचिव सर हेन्री मॅकमहोन यांनी मार्च १९१४ मध्ये दिल्लीत पत्रांची देवघेव करून भूतानपासून ब्रह्मदेशापर्यंतची सीमा ठरविली. तीच मॅकमहोन रेषा. या देवघेवीत चीनचा प्रतिनिधी सामील नव्हता. परिषदेच्या मसुद्यावर त्याने आद्याक्षरे केली, पण दोनच दिवसांत त्याच्या सरकारने ती नाकारली. मौज अशी की, त्या वेळी चीनचे भांडण तिबेटच्या अंतर्बाह्य विभागांच्या हद्दीबद्दल होते, हिंदुस्थानच्या हद्दीबद्दल त्याने तक्रार केली नव्हती. आणि इंग्रजांनी तरी काय केले? आपणच ठरविलेली ही रेषा त्यांनी सुमारे वीस-बावीस वर्षे दप्तरात बांधून ठेवली. ती नकाशांवर उमटू लागली १९३७ च्या सुमारास. ज्या रेषेवर पुढे हजारो माणसांचे प्राण पणाला लागले, ती इतकी वर्षे तिच्या जनकांनीच लपवून ठेवली होती, हे आपल्या वक्त्यांनी क्वचितच सांगितले आहे.

असो. १९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाला, १९४९ मध्ये चीनमध्ये साम्यवादी राज्य आले. दोन्ही राज्ये नवी, दोन्ही अभिमानी, दोघांनाही परक्या सत्तेचे डाग पुसून काढावयाचे होते. परंतु दोघांच्याही हाती जे नकाशे आले ते जुन्या साम्राज्यांचे. ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सैन्य तिबेटात शिरले. त्याच सुमारास त्याची एक तुकडी सिंक्यांगमधून अक्साई चीन ओलांडून पश्चिम तिबेटात उतरली. दिल्लीला त्याचा पत्ताही नव्हता. ७ नोव्हेंबर १९५० रोजी सरदार पटेलांनी पंतप्रधानांना पत्र लिहून उत्तरेच्या या नव्या संकटाचा इशारा दिला. त्याच महिन्यात पंडित नेहरूंनी संसदेत ठासून सांगितले की, नकाशा असो वा नसो, मॅकमहोन रेषा हीच आमची सीमा आहे. फेब्रुवारी १९५१ मध्ये भारताने तवांगला आपली सत्ता प्रस्थापित केली. चीनने निषेध केला नाही. आता हे सारे बारकाईने पाहा. नेहरू बोलले ते दिल्लीच्या संसदेत, पेकिंगच्या दरबारात नव्हे. आणि पेकिंगने काहीच म्हटले नाही, म्हणून दिल्लीने धरून चालले की, तवांगला संमती मिळाली.

यावर प्रश्न उपस्थित झालाच नाही असे नाही. १९५२ मध्ये दिल्लीत हाच खल चालला होता. पेकिंगचे आपले राजदूत सरदार पणिक्कर यांचे मत असे की, सीमेचा प्रश्न आपण होऊन काढू नये. आपली सीमा आपण जाहीर केलीच आहे, चीन गप्प आहे, तेव्हा त्याला ती मान्य आहे असे समजावे. प्रश्न काढणे म्हणजे तो वादग्रस्त आहे असे कबूल करण्यासारखे होईल. नेहरूंना हे पटले. विरुद्ध मत दिले ते सर गिरिजाशंकर बाजपेयी यांनी. हे गृहस्थ परराष्ट्र खात्याचे सर्वोच्च अधिकारी होते आणि १९५२ मध्ये राज्यपाल म्हणून आपल्या मुंबईस आले. मलबार हिलवरच्या राजभवनात समुद्राकडे तोंड करून बसलेला हा मनुष्य हिमालयाची काळजी वाहत होता. त्यांचे म्हणणे असे की, मॅकमहोन रेषा ही इंग्रजांच्या आक्रमणाची आपल्या अंगावर राहिलेली एक खूण आहे असे चीनला वाटणे शक्य आहे, आणि बळ येताच तो ती पुसू पाहील. तेव्हा आताच विचारून घ्यावे. त्यांचे ऐकले गेले नाही. १९५४ च्या डिसेंबरात ते वारले.

न्यायबुद्धीने सांगावयाचे तर पणिक्करांचा युक्तिवाद वेडेपणाचा नव्हता. आपली उत्तर सीमा त्या वेळी मोकळी होती, काश्मीरात फौज गुंतली होती, चौक्या उभारावयाला अवधी हवा होता. दुर्बळाने भांडण उकरून काढू नये, हे शहाणपण आपल्या शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. पण त्या अवधीत समोरचाही चौक्या उभारील आणि तोही आपल्या मौनाला संमती समजेल, हा हिशेब त्यात धरलेला नव्हता.

मग १९५३ च्या अखेरीस पेकिंगमध्ये तिबेटविषयक वाटाघाटी सुरू झाल्या. उद्‌घाटनाच्या भाषणात चौ एन लाय म्हणाले की, दोन देशांतील जे प्रश्न सोडविण्याइतके पक्व झाले आहेत, ते सोडवावेत. या ‘पक्व’ शब्दावर मी थोडा थांबतो, कारण पुढचा सारा अनर्थ या एका शब्दाभोवती फिरतो. आपल्या बाजूने त्याचा अर्थ लावला गेला तो असा की, चीनने जे प्रश्न काढले नाहीत ते त्याच्या लेखी प्रश्नच नाहीत. चार महिने बोलणी चालली. यात्रेकरू, व्यापारपेठा, तारघरे, धर्मशाळा, सारे चर्चेत आले. २९ एप्रिल १९५४ रोजी करार झाला. त्याच्या प्रस्तावनेत पंचशील आले, आणि शिपकी, माना, नीती यांसह सहा खिंडींची नावे व्यापाराच्या वाटा म्हणून आली. सीमा हा शब्द सोडविण्याचा प्रश्न म्हणून कोठेच आला नाही. तिबेटातील जे विशेष हक्क इंग्रजांकडून आपल्याकडे आले होते ते आपण सोडले. ते सोडणे उचितच होते, पण त्यांच्या बदल्यात एक ओळ मागून घ्यावी, हे सुचले नाही असे नव्हे, मुद्दाम टाळले गेले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत या धोरणावर कठोर टीका केली. पंचशीलावर माओंची श्रद्धा असती तर त्यांनी स्वतःच्या देशातील बौद्धांना निराळे वागविले असते, आणि ल्हासा चीनच्या हाती जाऊ देऊन आपण त्याची सीमा आपल्या सीमेला आणून भिडविली आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सभागृहाने ते ऐकले आणि काम पुढे चालू झाले.

कराराची शाई वाळते न वाळते तोच, जुलै १९५४ मध्ये, दोन गोष्टी घडल्या. बाराहोती येथे भारतीय शिपाई आले म्हणून चीनने निषेधाचा खलिता पाठविला. ज्या सीमेबद्दल प्रश्न नव्हता तिच्यावरचे पहिले भांडण अडीच महिन्यांत उभे राहिले. आणि त्याआधीच, १ जुलै रोजी, नेहरूंनी खात्याला टिपण पाठविले की, जुने नकाशे मागे घ्यावेत, नव्या नकाशांत उत्तर सीमा निश्चित रेषेने दाखवावी, आणि ही सीमा कोणाशीही चर्चेचा विषय नाही असे समजावे. १९५० च्या नकाशावर लडाखच्या पूर्वेस सीमा अनिश्चित असल्याची नोंद होती. १९५४ च्या नकाशावर ती नोंद गेली आणि ठसठशीत रेघ आली. अक्साई चीन त्या रेघेच्या आत होते. ही रेघ ओढताना शेजाऱ्याला विचारले नव्हते. आपला दावा खोटा होता असे मी म्हणत नाही. लडाखच्या बाजूचे जुने पुरावे आपल्यापाशी होते आणि चीनपाशी त्याहून सरस काही नव्हते. पण दावा आणि निर्णय यांत फरक असतो, आणि एका रात्रीत दाव्याचा निर्णय झाला.

चीनचे वर्तन याहून गूढ. ऑक्टोबर १९५४ मध्ये नेहरू पेकिंगला गेले तेव्हा त्यांनी चिनी नकाशांचा विषय काढला. चौ म्हणाले, ते जुन्या राजवटीचे नकाशे आहेत, ते सुधारावयास आम्हांला सवड झालेली नाही. नेहरूंचे समाधान झाले. १९५६ च्या अखेरीस चौ भारतात आले तेव्हाही मॅकमहोन रेषेबद्दल तोंडी बोलणे झाले, आणि ती अन्याय्य असली तरी चीन ती मान्य करील, असे नेहरूंनी आपल्या टिपणात लिहून ठेवले. आणि याच काळात अक्साई चीनमधून सिंक्यांग ते तिबेट असा सुमारे बाराशे किलोमीटरांचा रस्ता चीन बांधीत होता! ताकलामाकानचे वाळवंट आणि कुनलुनच्या रांगा पाहता पश्चिम तिबेटला जाण्यास चीनला ही वाट प्राणासारखी होती. मित्राला मात्र त्याबद्दल एक शब्द सांगितला नाही. १९५७ च्या शरदात रस्ता पूर्ण झाल्याची बातमी चिनी वृत्तपत्रांत आली, तेव्हा दिल्लीला तो कळला.

आणि दिल्लीने काय केले? तीही गप्प बसली, या खेपेस आपल्याच लोकांपुढे. १९५८ च्या उन्हाळ्यात दोन गस्ती तुकड्या पाठविल्या, त्यांतील एक चिन्यांनी पकडली. ऑक्टोबरात निषेधाचा खलिता गेला. संसदेला ही गोष्ट समजली ती ऑगस्ट १९५९ च्या अखेरीस, लोंगजूच्या गोळीबारानंतर. सप्टेंबरात पहिली श्वेतपत्रिका प्रसिद्ध झाली आणि पाच वर्षांचा पत्रव्यवहार एकदम लोकांच्या हाती पडला. मार्चमध्ये दलाई लामा भारतात आश्रयाला आले होते, त्यामुळे मने आधीच तापलेली होती. ज्या जनतेला काल ‘हिंदी-चिनी भाई भाई’ म्हणावयास शिकविले, तिला आज एका सकाळी कळले की भावाने घरातून रस्ता काढला आहे. त्यानंतर तडजोड सुचविणारा मंत्री देशात कोठे उभा राहणार होता?

त्या श्वेतपत्रिकेतील एक पत्र मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. २३ जानेवारी १९५९ चे, चौ एन लाय यांचे नेहरूंना. भारत-चीन सीमा औपचारिक रीतीने कधीच आखली गेलेली नाही, असे त्यात प्रथमच स्पष्ट म्हटले आहे. मग १९५४ मध्ये हा प्रश्न का काढला नाही? तर त्या वेळी तो सोडविण्याइतकी परिस्थिती पक्व झालेली नव्हती! पाच वर्षांपूर्वीचा तोच शब्द. आपण ज्याला ‘प्रश्न नाही’ समजलो, ते त्यांच्या लेखी ‘अजून पिकलेले नाही’ असे होते. हे वाचताना नेहरूंना काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी.

२१ ऑक्टोबर १९५९ रोजी कोंगका खिंडीजवळ आपल्या पोलिसांवर गोळीबार होऊन त्यांचे बळी गेले. देशभर पोलीस स्मृतिदिन पाळला जातो तो याच दिवशी. एप्रिल १९६० मध्ये चौ दिल्लीस आले आणि सहा दिवस राहिले. पूर्वेस तुमचे तुम्ही ठेवा, पश्चिमेस आमचे आम्ही ठेवतो, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. मुंबईत त्याच आठवड्यात महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेची तयारी चालली होती, त्यामुळे आपल्याकडे या भेटीकडे लक्ष जावे तितके गेले नसावे. नेहरूंनी ही देवघेव मानली नाही. मानली असती तरी ती पार पडती की नाही, शंका आहे. नुकताच मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेरुबारी प्रकरणी अभिप्राय दिला होता की, भारताची भूमी दुसऱ्या राष्ट्राला द्यावयाची तर घटनाच दुरुस्त करावी लागेल. मग दोन्ही देशांचे अधिकारी पेकिंग, दिल्ली आणि रंगून येथे बसले, पुराव्यांचा डोंगर रचला गेला आणि प्रत्येकाने आपापला निराळा अहवाल लिहिला. बोलणे सुरू झाले ते असे, जेव्हा ऐकणे संपले होते.

युद्धाची हकीकत सर्वांस ठाऊक आहे. नोव्हेंबर १९६१ पासून आपण पुढे पुढे चौक्या घातल्या. त्यांतील अनेक चौक्यांत माणसे मूठभर, आणि रसद विमानातून टाकावी लागे. चीन लढणार नाही, या गृहीतावर ते धोरण उभे होते. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने दोन्ही आघाड्यांवर हल्ला केला. १८ नोव्हेंबरला रेझांग ला येथे मेजर शैतानसिंग आणि त्यांच्या कुमाऊं पलटणीच्या कंपनीतील शंभरावर जवान जागच्या जागी लढून पडले. पुढे बर्फ वितळल्यावर त्यांची प्रेते खंदकांतच सापडली. २१ नोव्हेंबरला चीनने आपण होऊन युद्धबंदी जाहीर केली. पूर्वेकडून तो मागे गेला, अक्साई चीन त्याने ठेवले. आपले तेराशेहून अधिक जवान कामी आले, जवळजवळ चार हजार कैद झाले. त्याच महिन्यात यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले आणि मराठी मनाला सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावल्याचा अभिमान वाटला. तो अभिमान खरा होता. परंतु रेझांग लाच्या खंदकात जो जवान उभा राहिला, त्याला ज्या रेघेसाठी उभे केले होते ती दोन्ही पक्षांनी एकत्र बसून कधी एका कागदावर पाहिलीच नव्हती, हेही तितकेच खरे आहे.

नंतरचा काळ मी झपाट्याने ओलांडतो. १९६७ मध्ये नथु ला येथे तोफा धडाडल्या. १९७६ मध्ये राजदूत परत नेमले गेले, १९८८ मध्ये राजीव गांधी पेकिंगला जाऊन आले. सप्टेंबर १९९३ मध्ये नरसिंह रावांच्या काळात प्रत्यक्ष ताबारेषेवर शांतता राखण्याचा करार झाला, आणि १९९६ च्या कराराने या रेषेजवळ बंदुका चालवावयाच्या नाहीत असे ठरले. ही मोठीच मिळकत. मात्र ही ताबारेषा कोठून जाते, हे त्या करारांतही लिहिलेले नाही. भारत तिची लांबी ३,४८८ किलोमीटर सांगतो, चीन सुमारे दोन हजार. नोव्हेंबर २००० मध्ये मधल्या विभागाचे नकाशे दोघांनी एकमेकांना दिले. हा विभाग सर्वांत कमी वादाचा. २००२ मध्ये पश्चिम विभागाचे नकाशे समोरासमोर आले, परंतु त्यांची देवघेव झाली नाही. आपली रेघ एकदा दाखविली की तिच्यापलीकडे दावा सांगता येत नाही, ही भीती त्यामागे असावी. म्हणजे १९५२ चा तोच विचार, पन्नास वर्षांनी, आणि आता तो पलीकडच्या बाजूसही पटलेला.

१५ जून २०२० च्या रात्री गलवानच्या खोऱ्यात दोन्हीकडचे शिपाई एकमेकांना भिडले. १९९६ च्या कराराचा मान राखून गोळी सुटली नाही. दगड, दांडे आणि खिळे ठोकलेल्या काठ्या यांनी ती झुंज झाली. भारताचे वीस जवान गेले. चीनने आपले चार गेल्याचे आठ महिन्यांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, सांगितले. त्यानंतर दोन्ही देशांची फौज चार वर्षे एकमेकांसमोर हिवाळे काढीत बसली. २१ ऑक्टोबर २०२४ रोजी, कोंगका खिंडीच्या गोळीबाराला बरोबर पासष्ट वर्षे झाली त्या दिवशी, देपसांग आणि देमचोक येथे पुन्हा गस्त घालण्याबद्दल समझोता झाल्याचे भारताने जाहीर केले. गस्ती सुरू झाल्या, गुराखीही काही कुरणांवर परत गेले. त्या समझोत्याचा मसुदा मात्र प्रसिद्ध करण्यात आला नाही.